पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आणि साडेतीन फुटांचा खड्डा

"रेडिओ वाजतोय ना, जावईबापू?"

या प्रश्नाला दयानंद बिराजदारांनी गेली चौतीस वर्षं एकच उत्तर दिलेलं होतं. "हाव मामा. रोज वाजतो." आधी आंतर्देशीय पत्रातून, मग एसटीडी बूथवरून, आता मोबाईलवरून. विचारणारे त्यांचे सासरे, जळकोटचे गुरुपादप्पा. उत्तर ऐकलं की ते "बरं" म्हणायचे आणि फोन लेकीकडं जायचा. उत्तर अर्थातच सपशेल खोटं होतं. रेडिओ लग्नानंतर दोन-अडीच वर्षांतच मुका झाला होता आणि तेव्हापासून लातुरातल्या घराच्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं पडून होता.

बरं, हा रेडिओ म्हणजे काही बाजारातून आणून दिलेली वस्तू नव्हे. लग्नाच्या पंगतीत दयानंदराव रुसले होते, टेपरेकॉर्डर पाहिजे म्हणून. नवरदेवानं रुसायचंच असतं, त्यात गैर ते काय, असं त्यांचं आजही मत आहे. पण त्या दिवशी जळकोटात टेपरेकॉर्डर काही मिळेना. वरण गार व्हायला लागलं, वऱ्हाडी ताटावर ताटकळले, तेव्हा गुरुपादप्पा उठले, घरी गेले आणि स्वतःच्या फळीवरचा रेडिओ छातीशी धरून घेऊन आले. सागवानी पेटी, पुढं सोनेरी कापड, पाच व्हॉल्व्ह, आणि स्टेशन बरोबर लागलं की बारीक होणारा हिरवा डोळा. घरात त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तो त्यांनी मांडवात ठेवला आणि नवरदेव जेवले. नवरी, म्हणजे सुमनबाई, ही गोष्ट अजून विसरलेल्या नाहीत.

या मे महिन्यात मामांचा फोन आला तो असा: "मोतीबिंदूचं लातूरलाच करून घ्यावं म्हणतो. आठ दिस राहीन तुमच्याकडं. माझं लई काही न्हाई बगा. डोळ्याला पट्टी असंल, तवा सकाळचा तेवढा माझा रेडिओ ऐकू द्या, म्हंजे झालं."

"हाव मामा," दयानंदराव म्हणाले, आणि 'रोज वाजतो' न म्हणताच त्यांनी फोन ठेवला.

"बाबाला खरं सांगून टाका एकदाचं," सुमनबाई म्हणाल्या.

"चौतीस वर्षांचं खरं एकदम कसं सांगणार? ते टप्प्याटप्प्यानं सांगावं लागतं. तेवढा वेळ न्हाई आता."

"मग बाबा यायच्या आत वाजवून दाखवा. माझ्या बापाला त्या पंगतीत एकदा खाली बघाय लावलं, पुन्यांदा न्हाई लावायचं. मी सांगून ठेवते."

सुमनबाई सांगून ठेवतात तेव्हा ते ठेवलेलंच असतं. दयानंदराव स्टूल घेऊन माळ्यावर चढले. रेडिओच्या पोटात उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार केलेला होता. तो झाडून ते गावात घेऊन गेले. पहिल्या दुकानदारानं रेडिओ चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि चार्जिंगची पिन कुठं लावायची, असं विचारलं. दुसऱ्यानं हा मायक्रोवेव्ह आहे का म्हणून विचारलं. जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं आणखी किती ऐकून घ्यायचं? तिसऱ्या दुकानाची पायरी ते चढलेच नाहीत. पण तिथल्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आपण होऊन सांगितलं की नांदेडला, इतवाऱ्यात, हबीबमियाँ म्हणून आहेत. असले तर अजून तेच.

नांदेडच्या एसटीत रेडिओ मांडीवर, दयानंदराव त्याच्याखाली आणि रेडिओवर शेजारणीची मेथीची टोपली, असा तो प्रवास झाला. हबीबमियाँ होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानात अत्तराचा फाया, टेबलावर पाच-पन्नास काचेचे व्हॉल्व्ह कापसात निजवलेले. त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला, आत फुंकर मारली आणि एकेक व्हॉल्व्ह उजेडाकडं धरून बघितला.

"सेट जिंदा है साब. चार व्हॉल्व्ह चांगले हायेत, एकाचा फिलामेंट गेला. कंडेन्सर सगळे सुकले. आन् डायलची दोरी चूहे खा गये. छोड के जाव, तीन दिन में आव."

तीन दिवसांनी दयानंदराव गेले तेव्हा रेडिओच्या पोटात नारिंगी उजेड होता. अर्ध्या मिनिटानं हिरवा डोळा उघडला. आवाजही आला, पण त्यात गाणं कमी आणि भुर्रर्र जास्त.

"ये तुमच्या आजूबाजूचा कचरा है," हबीबमियाँ म्हणाले. "इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी, सब इसमें घुसता. एरियल वर बांधा, अर्थ खाली द्या. मंग बघा कैसा बोलता."

"घरातल्या बोर्डाचं अर्थिंग चालंल का?"

"कॉलनीतल्या बोर्डाचं? उस वायर ने जमीन कभी देखीच नै, साब. चांगलं नवं करा."

आता अर्थिंग म्हटल्यावर शेजारच्या माणिकप्पांकडं जाणं आलं. माणिकप्पा वीज कंपनीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं ते बिलाच्या टेबलावर होते आणि वायरीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण निवृत्तीनंतर सगळ्या शिवपार्वती नगराचे ते विजेचे सल्लागार झाले होते. दयानंदरावांनी त्यांना शपथ घालून सगळं सांगितलं. माळा, मामा, चौतीस वर्षं, सगळं.

"काही काळजी करू नका," माणिकप्पा म्हणाले. "अंगणात साडेतीन फूट खड्डा घ्या. खाली तांब्याचा पत्रा, त्याला वायर. वरून एक थर मीठ, एक थर कोळसा, एक थर मीठ. आन् रोज दोन घागरी पाणी. पाणी तुटलं की अर्थिंग मेलं म्हून समजा."

एवढं सांगून माणिकप्पा लेकीच्या बाळंतपणासाठी हदगावला निघून गेले, आणि जाताना मोबाईल घरातच चार्जिंगला विसरून गेले. पुढचे दहा दिवस दयानंदरावांनी अडचणीत सापडून फोन लावला, की तो भिंतीपलीकडच्या बंद घरात मोठ्यानं वाजायचा. चार्जिंगला असल्यामुळं त्याची बॅटरीही उतरत नव्हती.

खड्डा झाला. पत्रा, मीठ, कोळसा, सगळं सांगितल्याप्रमाणं झालं. राहिलं पाणी. आता लातूर, मे महिना, नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी. टँकर आला की कुणाची घागर कधी, हे दोन घरं सोडून राहणाऱ्या पंचफुलाबाई ठरवायच्या. त्यांच्यापुढं कुणी चूळसुद्धा जास्तीची भरत नसे. अशा गावात, अशा बाईच्या शेजारी, रोज दोन घागरी जमिनीत ओतायच्या! माणसानं खून करून पचवावा, पण हे पचणारं नव्हतं. दयानंदराव अंघोळ अर्ध्या बादलीवर आणून, भाज्या धुतलेलं पाणी साठवून, दुपारी सगळी कॉलनी निजली की चोरपावलांनी जाऊन ओतून यायचे.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाई फाटकात उभ्या.

"बिराजदार भाऊ, ही ओल कशाची?"

"कुठं ओल?" दयानंदराव म्हणाले. ते ओलीतच उभे होते आणि चपला पचक-पचक वाजत होत्या.

खरं सांगायचं तर दोन रस्ते होते. पाणी मी ओततो म्हणावं, तर कॉलनी जिवंत ठेवणार नाही. रेडिओसाठी म्हणावं, तर पंचफुलाबाईंची भाची जळकोटात, मामांच्याच गल्लीत दिलेली. संध्याकाळच्या आत बातमी मामांच्या ओसरीवर. दयानंदरावांनी सरकारी नोकरीत आयुष्यभर केलं तेच केलं. काहीच बोलले नाहीत.

पंचफुलाबाईंनी खाली वाकून बोटानं ओला चिखल उचलला, जिभेला लावला आणि डोळे मोठे केले. "खारं हाय. आवं, पाणी लागलंय ह्यांना!"

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंचा भाऊ मुरुडहून आला. तो पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात तीन चकरा मारल्या आणि खड्ड्यापाशी नारळ ताडकन उभा राहिला. उभा राहील नाही तर काय, सगळ्या गावात तेवढीच जागा ओली होती. "वरला थर खारा," तो म्हणाला, "त्याच्या खाली गोडं. लई मोठा झरा हाय." मग कुणीतरी काठीनं कड उकरली आणि काळे खडे निघाले. कोळसा! आता सरकार घरं ताब्यात घेणार, असं अर्ध्या कॉलनीचं ठरलं; उरलेल्या अर्ध्या कॉलनीनं रंगकाम थांबवलं. दयानंदरावांनी पुन्हा माणिकप्पांना फोन लावला. तो भिंतीपलीकडं वाजला.

बुधवारी नोटीस आली. विनापरवाना विंधन विहीर घेतल्याबद्दल खुलासा करावा. दयानंदराव कचेरीत गेले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना खुर्चीसमोर उभं केलं होतं. आज ते उभे होते आणि खुर्चीत दुसराच कुणी होता. पाय दुखतात, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"खोली?" बाबूंनी विचारलं.

"साडेतीन."

"साडेतीनशे."

"साडेतीन फूट."

बाबू खुर्चीवरून उठले. "साडेतीन फुटावर पाणी? लातुरात? बसा साहेब, बसा."

"पाणी लागलेलं न्हाई हो. मीच ओतून राहिलो."

बाबू परत खुर्चीत बसले आणि दयानंदराव परत उभे राहिले. "कामून?"

"रेडिओसाठी."

बाबूंनी छापील कागद खालपर्यंत वाचला. पिण्यासाठी, शेतीसाठी, बांधकामासाठी. रेडिओसाठी असा रकाना नव्हता. "रेडिओचं लायसन दाखवा," ते म्हणाले.

"रेडिओचं लायसन बंद होऊन चाळीस वर्षं होत आली."

"मग बंद झाल्याचं पत्र आणा."

दयानंदरावांचा अपमान तर झालाच. पण मनातल्या मनात त्यांना थोडं कौतुकही वाटलं. त्यांनीही हेच मागितलं असतं. बाबूंनी शेवटी शेरा मारला: 'अर्जदार पाण्याबाबत माहिती लपवीत आहेत.'

आणि या सगळ्या धबडग्यात, खरं सांगतो, रेडिओ वाजला! मामा यायच्या दिवशी पहाटे दयानंदरावांनी गच्चीवरची तार जोडली, अर्थ जोडला, बटन दाबलं. व्हॉल्व्ह तापले. हिरवा डोळा उघडला आणि बारीक झाला, आणि सोनेरी कापडामागून माणसाचा भरदार, स्वच्छ आवाज आला. भुर्रर्र नाही, खरखर नाही. सुमनबाई पोळी करता करता पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत त्या नवऱ्याकडं अशा बघत उभ्या राहिल्या नव्हत्या. दयानंदराव छाती काढून बसस्टँडवर गेले.

ते तिकडं गेले, सुमनबाई पुन्हा स्वयंपाकात गुंतल्या, आणि इकडं अंगणात पंचफुलाबाईंच्या भावाला मुहूर्त सापडला. चार गडी खड्ड्यात उतरले. मीठ गेलं, कोळसा गेला आणि खणकन आवाज झाला. तांब्याचा पत्रा! कुणी म्हणालं गुप्तधनाची खूण, कुणी म्हणालं निजामाच्या काळातला ताम्रपट. वर काही लिहिलेलं नव्हतं, पण घासल्यावर दिसंल, असं सगळ्यांचं मत पडलं. वायर मधे येत होती, ती कुणीतरी विळ्यानं कापली. पत्रा धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवला.

मामांचा ऑटो आला तेव्हा दारात साठ माणसं होती. "एवढी माणसं कशाला?" मामांनी विचारलं. त्यांना अंधुक दिसत होतं, हे त्या दिवशी दयानंदरावांच्या फायद्याचं ठरलं.

"तुमच्यासाठीच, मामा."

मामा आत आले. टोपी काढली. रेडिओवरून हात फिरवला, लाकडावरून, कापडावरून, बटनांवरून, सावकाश. मग स्वतःच्या हातानं बटन दाबलं आणि खुर्चीत बसले. व्हॉल्व्ह तापले. हिरवा डोळा उघडला. आणि भुर्रर्र. नुसतं भुर्रर्र.

दयानंदरावांनी खिडकीतून वायरीचं तुटकं टोक बघितलं. तेवढ्यात फाटकातून खांद्यावर पिशवी घेतलेले माणिकप्पा आले. हदगावची पहिली एसटी धरून आले होते. त्यांनी तुळशीपाशी बघितलं आणि आवाज चढवला.

"आरं, माझ्या अर्थिंगला हार कुणी घातला?"

आणि मग माणिकप्पांनी, बिलाच्या टेबलावरच्या तीस वर्षांत कुणी ऐकून घेतलं नसेल तेवढं, त्या साठ माणसांना ऐकवलं. मीठ कशासाठी, कोळसा कशासाठी, पाणी कशासाठी. "माळ्यावर पडल्याला रेडिओ हो! सासरा येतोय म्हून नांदेडला जाऊन नीट करून आणला. सासऱ्याला इतकी वर्षं रोज वाजतो म्हून सांगून राहिले, म्हून हा खड्डा! झरा कुठला आणला मधीच?"

दार उघडं होतं. आत मामा बसले होते, सुमनबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि रेडिओचं भुर्रर्र चालूच होतं.

दयानंदराव मामांसमोर खाली जमिनीवर बसले. लग्नानंतर ते सासऱ्यापुढं जमिनीवर बसलेले नव्हते. "मामा," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. चौतीस वर्षं. ह्या रेडिओला मी तुमच्या घरातून उठवला आन् माळ्यावर टाकला. मला लई लाज वाटते."

"माहीत हाय मला," मामा म्हणाले.

"काय माहीत हाय?"

"तुमची पोरगी साक्षी दहावीला होती त्या साली तुम्ही फोनवर म्हणाले, थांबा मामा, ऐकवतो. आन् लगीच गाणं सुरू. आवं, माझा रेडिओ बटन दाबल्या दाबल्या कधी वाजला न्हाई. व्हॉल्व्ह तापाय अर्धा मिनिट लागतो त्याला. तवाच कळलं, मोबाईलवर लावून राहिलेत."

"मग दर वेळी विचारत कशाला होता, बाबा?" सुमनबाईंना राहवलं नाही.

"मग काय विचारू?" मामा चिडलेच. "सासऱ्यानं जावयाला विचारावं तरी काय? पगार विचारावा तर राग येतो. तब्येत विचारली की फोन तुझ्याकडं देतात. रेडिओ तेवढा आमच्या दोघांत होता. हे म्हणायचे, रोज वाजतो. मला कळायचं, माणूस अजून माझ्यापुढं लाजतोय. लाजणाऱ्या माणसाच्या घरात माझी लेक हाय, म्हून मी निवांत झोपायचो."

दयानंदरावांनी चष्मा काढून पुसला. त्यावर काही नव्हतं. बाहेरून मात्र पंचफुलाबाईंचा आवाज आला. "ते समदं खरं, पन धा दिस दोन-दोन घागरी जमिनीत वतल्या त्याचं काय? आमी इकडं वाटीनं पितोय!"

मामा काठी टेकत दारात आले. "बाई, चुकलं त्याचं. पर आता एक घागर आणखी वता. मला ऐकायचंय."

पंचफुलाबाई त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिल्या. मग तणतणत घरी गेल्या आणि स्वतःची घागर कडेवर घेऊन आल्या. हारासकट, कुंकवासकट पत्रा खाली गेला. गडी खड्ड्यातच होते, त्यांनी मीठ-कोळसा परत भरला. पाणाड्या बाजूला उभा राहून नारळ सोलून खात होता. माणिकप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं दोन वायरी जोडल्या आणि चारचारदा हात झटकून बघितले. पंचफुलाबाईंनी घागर ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत, तोंडानं शिव्या चालूच.

भुर्रर्र थांबलं. हिरवा डोळा बारीक झाला. सोयाबीनच्या पेरणीआधी बियाण्याची उगवण कशी तपासावी, हे कुणीतरी स्वच्छ आवाजात सांगत होतं. साठ माणसं खिडकीशी उभी राहून बियाण्याची उगवण ऐकत होती. मामांनी डोळे मिटले होते. कार्यक्रम संपल्यावर ते म्हणाले, "वाजतोय बगा. आता मोठी पंचाईत झाली. आता फोनवर काय विचारू तुम्हाला?"



ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, मामा जळकोटला गेले. महिन्यानं फोन आला. सुमनबाई कणीक मळत होत्या, म्हणून दयानंदरावांनी उचलला. पलीकडं मामा थोडा वेळ नुसतेच खाकरत राहिले.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "मी म्हणतो, पाणी लागलं का?"

दयानंदरावांनी खिडकीतून बघितलं. खड्ड्याभोवती भेगा पडल्या होत्या आणि आत एक कुत्रं निजलं होतं.

"हाव मामा. लागलं की."

"गोडं का खारं?"

"गोडं! निव्वळ गोडं. चार इंची."

"मोटर कितीची टाकली मग?"

सुमनबाई हात धुऊन आल्या आणि त्यांनी फोनसाठी हात पुढं केला. दयानंदरावांनी त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं, खुर्ची ओढली आणि मांडी घालून बसले. मोटर, पाइप, पाइपाला बसवलेला कॉक, कॉलनीनं लावलेली रांग, पंचफुलाबाईंचा रुबाब, सगळं त्यांनी मामांना बैजवार सांगितलं, आणि पलीकडून मामा प्रत्येक गोष्टीत चूक काढत राहिले. सुमनबाई तशाच उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांनी त्यांनी हात खाली घेतला आणि पोळ्या लाटायला गेल्या.